न पाहिलेल्या मालाची बोली

बँकेच्या तक्रार-विभागात माझ्या नोकरीची शेवटची अकरा वर्षे गेली, आणि त्या काळात माझ्या मेजावरून जे शेकडो अर्ज गेले त्यांपैकी मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले ते खऱ्या माणसांच्या अर्जांनी. समोर बसलेला अर्जदार जी हकीकत सांगत आहे ती अक्षरशः खरी आहे, त्याने माल मागवला, पैसे भरले आणि हाती आले ते भलतेच, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संशय नसे. तरीही त्याची रक्कम त्याला मिळवून देणे मला शक्य होत नसे, कारण ज्या वाटेने त्याने ती पाठवली होती त्या वाटेने ती परत बोलावण्याची सोयच नव्हती, आणि ज्या वर्णनावर विसंबून त्याने बोली लावली होती ते वर्णन विक्रेत्याने केव्हाच काढून टाकलेले असे.

त्यांतले एक गृहस्थ अजून डोळ्यांपुढे आहेत. सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात आयुष्यभर शिक्षकी केलेले हे गुरुजी निवृत्तीनंतर जुनी नाणी जमवण्याच्या छंदास लागले होते, आणि भ्रमणध्वनीवर चालणाऱ्या एका लिलावात त्यांनी 18,500 रुपयांना तीन शिवराया घेतल्या होत्या. सुपारीच्या डबीत कापसावर ठेवून आणलेली ती नाणी त्यांनी माझ्या मेजावर मांडली. तिन्हींच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसरीस ‘छत्रपति’; तांब्याचा रंगही जुनाट. पण भिंगाखाली धरताच दिसले की तिन्ही नाण्यांवर ‘जा’ या अक्षराच्या कान्याशी, नेमक्या एकाच ठिकाणी, सुईच्या टोकाएवढा एकच खड्डा आहे. तीन नाणी तीनशे वर्षे निरनिराळ्या हातांतून फिरली असती, तर एकाच अक्षराच्या एकाच जागी तिन्हींनाही तोच व्रण पडला नसता. ती एकाच साच्यातून ओतलेली होती. मी विचारले, “गुरुजी, विक्रेत्याचं काही लेखी आहे का?” ते म्हणाले, “लेखी नाही, साहेब. फोनवर बोलणं झालं होतं. माणूस फार आदबीनं बोलत होता.”

प्रस्तुत पुस्तकाचे हस्तलिखित माझ्या स्नेह्यांनी वाचावयास दिले तेव्हा मला प्रथम त्या डबीची आठवण झाली. माझे हे स्नेही चाळीस वर्षे नाणी जमवीत आले आहेत. पुण्याच्या मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी तळपत्या उन्हात फडक्यावर मांडलेल्या ढिगातून एखादी चांगली शिवराई बोटांनी चाचपून उचलणारा हा माणूस आता महाजालावरील लिलावांत न पाहिलेल्या मालाची बोली लावतो, आणि दोन्ही ठिकाणचा अनुभव त्याच्या गाठी असल्यामुळे या दोन व्यवहारांत काय बदलले हे त्याला जसे सांगता आले आहे तसे केवळ कायदा जाणणाऱ्यास किंवा केवळ संगणक जाणणाऱ्यास सांगता आले नसते. प्रस्तावना लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की व्यवहार बिघडल्यावर माणसे ज्या खिडकीशी येतात त्या खिडकीच्या आतल्या बाजूस मी बसलो आहे.

लिलाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर समुद्रमार्गे आला. विदर्भ-मराठवाड्यात त्याच अर्थाने रूढ असलेला हर्रास अरबी-फारसीच्या वाटेने आला. शब्द कुठूनही आलेला असो, त्यामागची रीत मात्र सर्वत्र एकच राहिली आहे: चारचौघांच्या समक्ष, मोठ्या आवाजात, माल डोळ्यांपुढे ठेवून भाव ठरवणे. लासलगावच्या बाजार समितीत ट्रॉलीवरच्या कांद्यात व्यापारी कोपरापर्यंत हात घालतो, तळचा कांदा वर काढून दाबून पाहतो, आणि मग बोली बोलतो. शेतकरी शेजारी उभा असतो, समितीचा माणूस भाव टिपून घेतो, आणि भोवती उभे असलेले पन्नास लोक त्या सौद्याचे न मागता मिळालेले साक्षीदार असतात. याउलट पूर्वी प्रचलित असलेल्या हत्ता पद्धतीत अडत्या आणि व्यापारी उपरण्याखाली हात घेऊन एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेतकरी उपरण्याच्या सुरकुत्यांकडे पाहत उभा राही. नियंत्रित बाजारपेठांनी ते उपरणे काढून उघडा लिलाव आणला, तेव्हा शेतकऱ्याला मिळाली ती मुख्यतः साक्ष.

महाजालावरील लिलावाने बाजार घरात आणला हे खरे. पण माल दृष्टीआड केला आणि साक्षीदार उठवून लावले. 1995 च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात पिएर ओमिद्यार यांनी ‘ऑक्शनवेब’ या नावाने जो लिलाव सुरू केला, आणि जो पुढे ‘ईबे’ म्हणून जगभर ओळखला गेला, त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, 14.83 डॉलरला, आणि घेणाऱ्याला तो मोडका आहे हे पक्के माहीत होते. विक्रेत्याने खरे सांगितले आणि घेणाऱ्याने ते वाचून घेतले, एवढ्यावर तो सौदा तडीस गेला. अनोळखी माणसांत हा विश्वास सर्वत्र पुरणार नाही हे ध्यानी आल्यावर पुढच्याच वर्षी, 1996 मध्ये, ओमिद्यार यांनी घेणाऱ्या-देणाऱ्यांनी एकमेकांविषयी अभिप्राय नोंदवण्याची व्यवस्था केली. गेलेल्या साक्षीदारांना परत आणून बसवण्याचा तो पहिला प्रयत्न होता. आपल्याकडे 2000 साली मुंबईत ‘बाझी’ हे लिलावस्थळ निघाले, 2004 मध्ये ईबेने ते सुमारे पाच कोटी डॉलरना विकत घेतले, आणि त्यावर ‘पैसापे’ नावाची जी सोय होती तिच्यात घेणाऱ्याची रक्कम तात्काळ विक्रेत्याच्या हाती न पडता मध्यस्थाकडे थांबत असे. 2018 च्या ऑगस्टमध्ये ईबेचे भारतीय स्थळ बंद झाले. त्यानंतर आपल्या संग्राहकांच्या व्यवहाराचा मोठा भाग व्हॉट्सॲप आणि फेसबुकवरील गटांच्या लिलावांत गेला, जिथे गटाचा चालक रात्री नऊ वाजता नाण्याचे छायाचित्र टाकतो, बोल्या एकाखाली एक पडत जातात, आणि जिंकणारा विक्रेत्याच्या वैयक्तिक खात्यात थेट रक्कम भरून मोकळा होतो. या गटांतली बहुतेक माणसे सच्ची आणि जाणकार आहेत, एकमेकांना शिकवणारी आहेत. परंतु मधला जामीनदार नाहीसा झाला ही गोष्ट त्यांच्या चांगुलपणाने भरून निघत नाही. या पुस्तकाची निकड मला याच ठिकाणी विशेष वाटते.

लिलावात घेणाऱ्याची फसवणूक दोन प्रकारे होते: भावात आणि मालात. भावातली फसवणूक अनेकांना फसवणूक वाटतच नाही, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. मोठ्या लिलावस्थळांवर आपण आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवून ठेवतो आणि यंत्र आपल्या वतीने, दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून एक पायरी वर, एवढीच बोली लावत जाते. म्हणजे जिंकणाऱ्याला द्यावी लागते ती रक्कम स्वतःच्या मर्यादेने नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याच्या मर्यादेने ठरते. अशा लिलावाचे अर्थशास्त्र विल्यम विकरी यांनी 1961 सालीच मांडून ठेवले होते. ही पद्धत प्रामाणिक प्रतिस्पर्ध्यांमध्ये अत्यंत न्याय्य आहे. पण प्रतिस्पर्धी हा विक्रेत्याचाच मेव्हणा असेल, किंवा दुसऱ्या नावाने स्वतः विक्रेताच असेल, तर तो थोडी थोडी बोली वाढवीत तुमच्या गुप्त मर्यादेच्या उंबरठ्यापर्यंत तुम्हाला नेऊन सोडतो, आणि तुम्ही लिलाव जिंकल्याच्या आनंदात असता. 2000 सालच्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातील एका वकिलाने रिचर्ड डिबेनकॉर्न या ख्यातनाम चित्रकाराचे वाटावे असे एक चित्र ईबेवर ठेवले. पाव डॉलरपासून निघालेली बोली 1,35,805 डॉलरवर जाऊन थांबली. चौकशीअंती निष्पन्न झाले की विक्रेत्याने स्वतःच बनावट नावाने बोली लावली होती आणि त्याचे साथीदार अशाच चाळीसहून अधिक नावांनी एकमेकांच्या मालाचे भाव चढवीत होते. सौदा रद्द झाला, आणि पुढे त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

आपल्या कायद्याला ही युक्ती अपरिचित नाही. 1930 च्या माल विक्री अधिनियमाचे कलम 64 लिलावाविषयीच आहे, आणि त्यात स्पष्ट म्हटले आहे की विक्रेत्याने स्वतः बोली लावण्याचा हक्क आधी जाहीरपणे राखून ठेवला नसेल तर त्याने स्वतः किंवा कोणाकरवी बोली लावणे बेकायदा होय, आणि किंमत चढवण्यासाठी लटकी बोली लावली गेली असेल तर तो सौदा रद्द करण्याचा अधिकार घेणाऱ्यास आहे. अडचण पुराव्याची आहे. एखादा बोलीदार एकाच विक्रेत्याच्या मालावर सतत बोली लावतो, शेवटच्या घटकेला नेहमी मागे राहतो, आणि वर्षभरात एकही वस्तू जिंकत नाही, असे दिसले तर त्याच्या बोल्यांची पडद्यावरची चित्रे तारखेसह जपून ठेवावीत. या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात ग्रंथकाराने अशा बोलीपत्रकांचे वाचन कसे करावे हे जे दाखवले आहे, ते मी बँकेत असताना मला ठाऊक असते तर कितीतरी अर्जांवरचा माझा शेरा निराळा झाला असता. याच कुटुंबातली आणखी एक युक्ती अशी: लिलावात तुम्ही हरता, आणि दुसऱ्या दिवशी निरोप येतो की जिंकणाऱ्याने पैसे भरले नाहीत, तुम्हाला तो माल तुमच्या बोलीत मिळेल, फक्त रक्कम लिलावस्थळाबाहेर, दिलेल्या खात्यात भरावी. हुरहूर लागलेल्या संग्राहकाला हा निरोप दैवयोग वाटतो. लिलावस्थळाच्या आत राहून जो विक्रेता दुसरी संधी देत नाही, त्याच्या संधीचा मोह सोडणेच इष्ट.

मालातली फसवणूक ज्याच्या त्याच्या विषयाची. नाण्यांपुरते बोलायचे तर खरी शिवराई ठशाने पाडलेली, आणि खोटी बहुधा ओतलेली. ठशाच्या आघाताने पाडलेल्या नाण्यात अक्षरांच्या कडा टोकदार राहतात, तांबे कडेकडे सरकलेले दिसते, चकती अनेकदा वेडीवाकडी असते आणि ठसा तिच्याहून मोठा असल्यामुळे एखादे अक्षर कडेबाहेर निसटलेले असते. ओतीव नाण्याची अक्षरे साबण झिजावा तशी बोथट, पृष्ठावर हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रे, आणि कडेवर कानस फिरवली नसेल तर साच्याच्या दोन अर्धुकांची जोडरेषा. छायाचित्रात कड दिसत नाही. म्हणून विक्रेत्याकडे कडेचे छायाचित्र आणि तराजूवर ठेवलेल्या नाण्याचे छायाचित्र लेखी मागावे. खरा विक्रेता अशी मागणी आनंदाने पुरवतो. ‘शेत नांगरताना हंडा सापडला’ ही कथा ऐकू आली तर मात्र तिथेच थांबावे. 1878 च्या निखात निधी अधिनियमाने दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक केले आहे, तेव्हा विक्रेता खोटे सांगत असेल तर नाणी खोटी, आणि खरे सांगत असेल तर सौदा बेकायदा. परदेशस्थ मराठी मंडळींनाही एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या कायद्यान्वये पुरावस्तू ठरते आणि ते देशाबाहेर नेण्यास खासगी व्यक्तीस मनाई आहे. न्यू जर्सीत बसून पुण्याच्या विक्रेत्याकडून मागवलेली शिवराई वाटेत जप्त झाली तर ना नाणे मिळेल, ना कोणापुढे दाद मागता येईल.

आता पैशाकडे येतो, कारण माझ्या मते या विषयाचे मर्म तेथे आहे. आपण रक्कम भरतो तेव्हा ‘किती’ हा प्रश्न शंभर वेळा मनाशी घोळवतो, आणि ‘कोणत्या वाटेने’ हा प्रश्न विक्रेत्यावर सोपवतो. वस्तुतः प्रत्येक वाटेचे स्वरूप निराळे आहे. कार्डाने भरलेल्या रकमेविषयी, माल न मिळाल्यास किंवा वर्णनाहून भिन्न मिळाल्यास, कार्ड देणाऱ्या बँकेकडे वाद दाखल करता येतो आणि ती रक्कम त्याच जाळ्यातून उलट मागवली जाते. यास चार्जबॅक म्हणतात, आणि त्याची मुदत बहुतेक कारणांसाठी सुमारे 120 दिवसांची असते. पेपालवर घेणाऱ्यास वाद उपस्थित करण्यास 180 दिवस असतात, परंतु परदेशी विक्रेते कधी कधी ‘मित्र आणि कुटुंबीय’ या सदराखाली रक्कम पाठवावयास सांगतात, तसे केल्यास हे संरक्षण मुळीच लागू होत नाही. मालाची किंमत आप्तास दिलेली भेट म्हणून पाठवावी असे जो सुचवतो त्याने आपला हेतू स्वतःच उघड केला आहे असे समजावे. ईबेवर माल मिळाल्यापासून तीस दिवसांत परतीची मागणी नोंदवावी लागते. आणि आपल्या सर्वांच्या हातातील यूपीआय, जी 2016 पासून या देशाच्या व्यवहाराची नाडी होऊन बसली आहे आणि जिच्याविषयी मला बँकेचा माणूस म्हणून अभिमान आहे, ती रोख रकमेसारखी आहे: आपण स्वतःच्या गुप्त अंकाने, स्वतःच्या इच्छेने, एका व्यक्तीच्या खात्यात टाकलेली रक्कम केवळ माल खोटा निघाला म्हणून बँकेला परत ओढून आणता येत नाही. गुरुजींची रक्कम याच वाटेने गेली होती. कार्डावर वाद दाखल करण्याची जी सोय त्यांना मिळाली असती ती विक्रेत्याने क्यूआर चिन्ह पाठवले त्या क्षणीच संपली.

हे चिन्ह आणि हा गुप्त अंक यांविषयीचा एक नियम प्रत्येक घरात, विशेषतः वडीलधाऱ्यांना आणि नव्याने विक्री करणाऱ्यांना, तोंडपाठ असावा: यूपीआयचा अंक लागतो तो पैसे देताना, घेताना कधीही नाही. जुने कपाट विकावयास काढलेल्या बाईंना बदलीवर निघालेला जवान म्हणून कोणी फोन करतो, ओळखपत्राचे छायाचित्र पाठवतो, ‘ताई, मी आगाऊ रक्कम पाठवतो, एवढं चिन्ह स्कॅन करा’ म्हणतो, आणि स्कॅन करून अंक टाकताच रक्कम येण्याऐवजी जाते. सैनिकाविषयी आपल्या मनात असलेल्या आदराचे असे भांडवल करणाऱ्याला मी साध्या चोराहून अधम मानतो.

बिघाड झाल्यावर कुठे जावे, याविषयीही आपल्याकडे मोठा गोंधळ आहे, आणि त्यात अमूल्य वेळ जातो. एक विलक्षण योगायोग येथे स्मरणास उपयोगी पडेल. ज्या अधिनियमाचा वर उल्लेख केला तो 1930 सालचा, आणि सायबर आर्थिक गुन्ह्याची वर्दी देण्याचा दूरध्वनी क्रमांकही 1930 च. पण या दोन 1930 ची कामे भिन्न आहेत. विक्रेता खरा आहे, त्याचा ठावठिकाणा आहे, पण माल वर्णनाबरहुकूम नाही, तर तो वाद आहे, आणि त्याला माल विक्रीचा कायदा लागू: वर्णनावरून केलेल्या विक्रीत माल वर्णनास जुळलाच पाहिजे, आणि तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत घेणाऱ्याने माल स्वीकारला असे मानले जात नाही. अशा वेळी प्रथम विक्रेत्याकडे लेखी मागणी, मग लिलावस्थळाच्या तक्रार-अधिकाऱ्याकडे, ज्याने 2020 च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे 48 तासांत तक्रारीची पोच आणि महिनाभरात निवारण द्यावयाचे आहे, मग 1915 ही ग्राहक मदतवाहिनी, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यामुळे ही फिर्याद आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. गुवाहाटीच्या विक्रेत्याविरुद्ध साताऱ्यात दाद मागता येणे ही सामान्य माणसाला मिळालेली मोठीच देणगी आहे. मात्र घरातली एखादी वस्तू हौसेने विकणारी व्यक्ती त्या ई-वाणिज्य नियमांच्या कक्षेत येत नाही, आणि पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा कायद्याच्या दृष्टीने ग्राहक नाही, हे आमचे अनेक संग्राहक विसरतात.

याउलट विक्रेताच बनावट असेल, किंवा आपल्या खात्यातून नकळत रक्कम गेली असेल, तर तो गुन्हा आहे, आणि तेथे घटका-पळे मोजावी लागतात. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरण्यापूर्वी 1930 वर वर्दी गेली तर ती वाटेत गोठवली जाण्याचा संभव असतो. रविवार आहे, सोमवारी शाखेत जाऊ, असे म्हणणाऱ्याची ती बहुधा गेलेली असते. आपण संमती न दिलेल्या व्यवहाराविषयी रिझर्व्ह बँकेचे जुलै 2017 चे परिपत्रक आहे: चूक आपली किंवा बँकेची नसून तिऱ्हाइताकडून झाली असेल आणि तीन कामकाजी दिवसांत बँकेस कळवले तर ग्राहकावर बोजा नाही. आपणच अंक सांगून बसलो असू तरी कळवण्यास लाजू नये, कारण कळवल्यानंतर होणारे पुढचे नुकसान बँकेच्या शिरी जाते. लाजेपायी चार दिवस गप्प राहिलेली सुशिक्षित माणसे मी पाहिली आहेत; त्या चार दिवसांत एकाच्या मुलीच्या लग्नाची ठेव मोडली गेली. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा समाधान केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते, हेही लक्षात असू द्यावे. ‘दोन रुपयांचे जुने नाणे द्या आणि पाच लाख घ्या’ अशा जाहिराती रिझर्व्ह बँकेच्या नावाने फिरू लागल्या आणि विकणाऱ्याकडूनच आधी कर, दलाली वसूल होऊ लागली, तेव्हा ऑगस्ट 2021 मध्ये बँकेला जाहीर खुलासा करावा लागला की अशा खरेदी-विक्रीशी तिचा काहीही संबंध नाही आणि तिने कोणालाही असे शुल्क घेण्याचा अधिकार दिलेला नाही.

मुदतीविषयी आणखी थोडे लिहितो, कारण चतुर विक्रेता मुदतीवरच खेळतो. माल निघाला आहे, टपालात अडकला आहे, आमच्याकडे सुतक आहे, पुढच्या आठवड्यात नक्की पाठवतो. प्रत्येक निरोप इतका माणुसकीला धरून असतो की त्यावर तगादा लावणे आपल्यालाच निर्दयपणाचे वाटते, आणि असे करता करता तिसावा किंवा एकशेविसावा दिवस उलटतो, मग दूरध्वनी उचलला जात नाही. ग्रंथकाराचा सल्ला असा, आणि तो मला शंभर टक्के मान्य आहे, की वाद दाखल करणे म्हणजे भांडण करणे नव्हे. माल आल्यावर तो वाद मागे घेता येतो, पण गेलेली मुदत मागे घेता येत नाही. विक्रेता प्रामाणिक असेल तर तो रागावणार नाही, आणि रागावला तरी त्याची समजूत घालता येईल.

विक्री करणाऱ्यांचीही बाजू या पुस्तकात आली आहे याचे मला समाधान वाटते. खरे नाणे घेऊन खोटे परत पाठवणारे ग्राहक आहेत, रक्कम भरल्याचे बनावट चित्र दाखवून माल उचलणारे आहेत, चुकून जास्त रक्कम भरली म्हणून फरक परत मागणारे आहेत; अशांमुळे एखादा सचोटीचा विक्रेता बाजारातून उठला की त्याची जागा घेणारा बहुधा सचोटीचा नसतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर जे निरूपण केले त्याचा आशय हाच: माल पारखता येत नाही अशा बाजारातून चांगला माल हळूहळू निघून जातो. आपला जुन्या नाण्यांचा, पोथ्यांचा, टपाल तिकिटांचा बाजार असा ओस पडावा हे मला सहन होणार नाही, कारण या महाराष्ट्राचा कितीतरी इतिहास सरकारी दप्तरांइतकाच अशा हौशी माणसांच्या डब्यांतून आणि वह्यांतून टिकून राहिला आहे. गुरुजींनी त्या प्रसंगानंतर संग्रह करणे सोडले. त्यांच्या गावच्या शाळेत ते ज्या मुलांना शिवराई हातात देऊन इतिहास सांगत असत, ती मुले त्या स्पर्शाला मुकली. अठरा हजार पाचशे रुपयांहून हा तोटा मोठा आहे.

गेल्या श्रावणात मी ग्रंथकारांच्या घरी गेलो होतो तेव्हा नुकतेच टपालाने एक पुडके आले होते. त्यांनी नातीला हाक मारली. तिने भ्रमणध्वनी दोन्ही हातांनी धरून चित्रण सुरू केले, मग त्यांनी पुडक्याच्या चारी बाजू, त्यावरचा टपालाचा शिक्का आणि न फुटलेली चिकटपट्टी भिंगापुढे फिरवून दाखवली, आणि चित्रण न थांबवता कात्रीने पुडके उघडले. आत एक शिवराई होती. ती त्यांनी लहान तराजूवर ठेवली, काट्याने 11.2 ग्रॅम दाखवले, आणि विक्रेत्याने लेखी कळवलेले वजनही तेवढेच होते. मग कड उन्हात धरली, भिंग लावले, बराच वेळ पाहिले. “आबा, खरं आहे का?” नातीने विचारले. त्यांनी मान डोलावली आणि नाणे तिच्या तळहातावर ठेवले. त्यानंतर आपली लांबट वही काढून त्यांनी त्या नोंदीपुढे वजन, पोच तारीख आणि विक्रेत्याविषयी दोन चांगले शब्द लिहिले, तेच शब्द लिलावस्थळावरही नोंदवले, आणि समासात लाल शाईने लिहून ठेवलेल्या वाद दाखल करण्याच्या शेवटच्या तारखेवर एक सरळ रेघ ओढली.